साथीच्या काळातील साहित्याचा वर्ग : राहून गेलेला एक प्रश्न

मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्रातील महाविद्यालये आणि विद्यापीठांचे विभाग बंद झाले. त्यानंतरच्या दोन वर्षांत उच्च शिक्षणाविषयी जी चर्चा झाली तिचा बहुतांश भाग एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला : वर्ग उघडावेत की बंद ठेवावेत? १५ फेब्रुवारी २०२१ रोजी निम्म्या उपस्थितीत ते उघडले आणि काही आठवड्यांतच दुसऱ्या लाटेने पुन्हा बंद पडले. २० ऑक्टोबर २०२१ पासून लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी ते उघडले. जानेवारी २०२२ च्या प्रारंभी ओमायक्रॉनमुळे परत बंद झाले आणि फेब्रुवारीपासून क्रमाक्रमाने सुरू झाले. दार उघडणे आणि दार लावणे या दोन क्रियांपलीकडे त्या काळातील परिपत्रकांत आणि निवेदनांत फारसे काही आढळत नाही. दार उघडल्यानंतर आतली हवा कशी असावी, हा प्रश्न जवळजवळ विचारलाच गेला नाही.

वस्तुतः मूळ प्रश्न तोच होता. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाच्या साथीत वर्ग उघडा आहे एवढे सांगून भागत नाही, आणि तो बंद ठेवणे हा एकमेव उपायही नसतो. प्रत्यक्ष अध्यापन चालू ठेवावयाचे तर ते सुरक्षित करावे लागते. आणि ते सुरक्षित करता येते अशी खात्री असेल तरच ते चालू ठेवण्याचा आग्रह धरता येतो. या दोन गोष्टी परस्परांना धरून आहेत. प्रत्यक्षात त्या परस्परविरोधी मानल्या गेल्या. वर्गात येऊन शिकवू पाहणारा बेफिकीर ठरला आणि सुरक्षिततेविषयी बोलणारा पडद्यावरील तासांचा पुरस्कर्ता ठरला. मराठी साहित्याच्या पदव्युत्तर विभागांनी तरी ही विभागणी मान्य करावयास नको होती. या विभागांचे काम आवाजावर चालते, आणि या रोगाचा प्रसारही आवाजाबरोबरच होत होता.

प्रसाराची ही कल्पना प्रस्थापित होण्यास वेळ लागला हे मान्य केले पाहिजे. मार्च २०२० च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही असे जाहीरपणे सांगितले होते. जुलै २०२० मध्ये लिडिया मोराव्स्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी लिहिलेल्या व २३९ शास्त्रज्ञांचा पाठिंबा असलेल्या निवेदनाने या भूमिकेस हरकत घेतली. संघटनेने आपल्या माहितीत स्पष्ट बदल केला तो ३० एप्रिल २०२१ रोजी. भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये प्रसृत केलेल्या सूचनापत्रात खेळत्या हवेवर भर होता आणि सूक्ष्म तुषारकण १० मीटरपर्यंत जाऊ शकतात असेही त्यात नमूद होते. म्हणजे फेब्रुवारी २०२१ मध्ये महाविद्यालये उघडली तेव्हाचे अज्ञान समजण्यासारखे होते; ऑक्टोबर २०२१ मधले नव्हते. तरीही ऑक्टोबरमध्ये बहुतेक प्रवेशद्वारांशी दृश्य तेच होते : कपाळाकडे रोखलेला तापमापक, पायाने दाबावयाची सॅनिटायझरची बाटली, एकाआड एक बाकावर मारलेल्या फुल्या; आणि आत प्रोजेक्टरवरचे दिसावे म्हणून ओढून घेतलेले पडदे.

हात धुण्यास नाव ठेवण्याचे कारण नाही. परंतु अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात घडलेला एक प्रसंग या संदर्भात ध्यानात घ्यावयास हवा. तेथील स्कॅजिट व्हॅलीच्या गायनवृंदाचा सराव १० मार्च २०२० रोजी झाला. ६१ जण जमले होते. दारात हात स्वच्छ करण्याचे द्रव्य ठेवलेले होते, गळाभेटी टाळण्यात आल्या होत्या. अडीच तास गाणे झाले. जमलेल्यांपैकी ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले. शांत बसलेल्या माणसापेक्षा बोलणारा, आणि बोलणाऱ्यापेक्षा मोठ्याने म्हणणारा माणूस कितीतरी अधिक सूक्ष्म तुषारकण बाहेर टाकतो. ते काही तास हवेत तरंगू शकतात, आणि दारातील बाटलीचा त्यांच्यावर काहीही परिणाम होत नाही. तासभर उंच आवाजात ओव्या म्हणून दाखविणारा अध्यापक या दृष्टीने त्या गायनवृंदाचाच सभासद असतो. त्यात तो पन्नाशी-साठीकडे झुकलेला असेल तर वर्गातील सर्वांत अधिक धोका त्यालाच असतो.

यावरील उपाय गूढ नाहीत. थोडे अंकगणित मात्र करावे लागते, आणि मराठीच्या विभागाने ते करू नये असे काही नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे ४२० असते. माणसाच्या उच्छ्वासात ते सुमारे ४०,००० असते. बंद वर्गात हा आकडा १,२०० वर गेला तर त्याचा अर्थ असा की, तेथील हवेचा जवळजवळ पन्नासावा भाग कोणाच्या तरी फुप्फुसांतून आधीच जाऊन आलेला आहे. दर पन्नास श्वासांमागे एक श्वास उसना. हा आकडा दाखविणारे हातात मावणारे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. तो ८०० च्या आत राहिला तर हवा बऱ्यापैकी खेळती आहे असे समजावयास हरकत नाही. ३० फूट लांब, २० फूट रुंद आणि १२ फूट उंच अशा वर्गात ७,२०० घनफूट हवा मावते. ती तासाला सहा वेळा बदलावयाची तर मिनिटाला ७२० घनफूट ताजी हवा आत यावी लागते. समोरासमोरच्या भिंतींत दोन-दोन खिडक्या उघड्या असतील आणि वारा अगदीच पडलेला नसेल तर एवढी हवा विनाखर्च येते. नसेल तर खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसवावा लागतो. छताचा पंखा आहे तीच हवा फिरवीत राहतो. भिंतीवरचा स्प्लिट एसीही तेच करतो, फक्त गार करून. आणि त्याच्यासाठी खिडक्या लावून घ्याव्या लागतात, हे अधिक वाईट.

येथे भाषेच्या अभ्यासकांनी एक शब्द टिपून ठेवण्यासारखा आहे. 'व्हेंटिलेटर' हा शब्द मराठी घरांत आणि शाळांत पूर्वी वापरात होता तो दाराखिडकीच्या वर, छताच्या लगत ठेवलेल्या झरोक्यासाठी. वर चढलेली ऊन हवा त्यातून बाहेर जाई. २०२०-२१ मध्ये त्या शब्दाला एकच अर्थ उरला, आणि तो ऐकताच घरातील माणसे गप्प होत. पहिल्या अर्थाची वस्तू तोपर्यंत अनेक इमारतींतून नाहीशी झाली होती. वातानुकूलित सभागृह हे विभागाच्या प्रतिष्ठेचे चिन्ह झाल्यापासून झरोके विटांनी बुजविण्यात आले आणि उघडणाऱ्या खिडक्यांच्या जागी न उघडणाऱ्या काचा आल्या. ज्या विभागांना अनुदान मिळाले नाही आणि ज्यांचे वर्ग जुन्या, उंच छताच्या, व्हरांड्याच्या इमारतीत राहिले, ते साथीच्या दृष्टीने अधिक सुस्थितीत होते. त्यांना हे कोणी सांगितले नाही, एवढेच.

('सोशल डिस्टन्सिंग'चे 'सामाजिक अंतर' असे भाषांतर महाराष्ट्रात किती सहजपणे रूढ झाले, आणि ज्या समाजाने हे अंतर शतकानुशतके पाळले व पाळावयास लावले त्यात या शब्दाला कोणता वास येतो, हा स्वतंत्र विषय आहे. शारीरिक अंतर म्हणावे अशी सूचना त्याच वेळी झाली होती. ती फारशी कोणी मनावर घेतली नाही.)

आता मुख्य मुद्दा. एवढा खटाटोप करून वर्ग चालू ठेवण्याजोगे त्यात असते तरी काय? व्याख्यान तर पडद्यावरूनही देता येते. नोंदवून ठेवता येते. पुन्हा ऐकता येते. माहिती देणे एवढेच वर्गाचे कार्य असते तर हा युक्तिवाद बिनतोड ठरला असता.

परंतु पदव्युत्तर स्तरावरील साहित्याच्या वर्गात जे घडते त्याचा मोठा भाग माहितीखेरीजचा असतो. 'लीळाचरित्रा'तील एखादी लीळा वर्गात वाचली जाते तेव्हा तिची छोटी, तुटक वाक्ये कोठे थांबवावयाची हाच अर्थनिर्णयाचा भाग असतो. अध्यापक एका रीतीने थांबतो. खानदेशातून आलेला एखादा विद्यार्थी दुसऱ्या रीतीने थांबतो. आणि त्याच्या थांबण्यात त्याच्या बोलीचा जो हेल असतो त्यामुळे वाक्याचा एक वेगळाच पदर हाती येतो. भ्रमणध्वनीच्या जोडणीत हा थांबा आणि तुटलेली जोडणी यांत फरक करता येत नाही. ज्ञानेश्वरीची ओवी पडद्यावरून म्हणताना प्रत्येक अध्यापकाने हा अनुभव घेतला असेल की, चौथ्या चरणानंतरची शांतता ही समजल्याची आहे, न समजल्याची आहे, की पलीकडे कोणीच नसल्याची आहे, हे कळावयास मार्ग उरत नाही. चाळीस काळ्या चौकटींतून चाळीस नावे दिसत. आणि त्यांतील किती नावांमागे माणूस आहे हे विचारणे संकोचाचे वाटे.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे, जिची चर्चा फारशी झाली नाही. वर्ग ही घराबाहेरची जागा असते. अनेक विद्यार्थ्यांच्या, विशेषतः विद्यार्थिनींच्या आयुष्यातील ती घराबाहेरची एकमेव जागा असते जेथे तोंड उघडता येते. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास वर्षांनंतरही त्यातील कविता वर्गात मोठ्याने वाचणे ही एक कृती असते, आणि ती वर्गात करता येते. दीड खोलीच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी भ्रमणध्वनी भिंतीला टेकवून बसलेल्या मुलीला ती करता येत नाही. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'वरील चर्चेत आपल्या आजीविषयी काही सांगावेसे वाटणाऱ्या विद्यार्थ्याने ते सांगताना पाठीमागे वडील बसलेले असले, किंवा घरमालकाचा मुलगा असला, तर काय होते? तो सांगत नाही. स्त्रीवादी आणि दलित साहित्याचे पेपर त्या दोन वर्षांत शिकविले गेले, त्यांच्या परीक्षा झाल्या, निकाल लागले. पण ज्या बोलण्यासाठी हे पेपर अभ्यासक्रमात आले ते बोलणे बव्हंशी झाले नाही. वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या गावांची मुले एका खोलीत बसून एकमेकांच्या तोंडाकडे पाहत एखादे आत्मकथन वाचतात तेव्हा कोणाची मान खाली जाते आणि कोणाची वर येते, हाही त्या पाठाचाच भाग असतो.

साधनांच्या विषमतेविषयी बरेच लिहिले गेले आहे, म्हणून येथे एवढेच. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडे आंतरजालाची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते, आणि संगणक असलेली ग्रामीण कुटुंबे पाच टक्क्यांहूनही कमी. वसतिगृहे रिकामी करण्यात आली तेव्हा विद्यार्थ्यांकडून केवळ खोली गेली नाही. ग्रंथालयातील टेबल, दिवा आणि एकांत हेही गेले. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्यांचा भरणा मोठा असतो, हे लक्षात घेता वर्ग बंद ठेवण्याची किंमत सर्वांनी सारखी मोजलेली नाही. परीक्षांचा प्रश्न २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मिटला : अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्यावाचून पदवी नाही. त्यानंतर ती बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपाने घेण्यात आली. रसग्रहणाला चार पर्याय देण्याची ती कल्पना ज्यांनी प्रश्नपत्रिका काढल्या त्यांनाही रुचली नसावी.

पडद्याने काही दिलेच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. नांदेडच्या विद्यार्थ्याला मुंबईतील चर्चासत्र घरबसल्या ऐकता आले. पीएच.डी.ची मौखिक परीक्षा बाहेरगावच्या परीक्षकाला न बोलावता होऊ लागली आणि त्यात पैसा व वेळ वाचला. ज्यांना जिने चढता येत नाहीत, ज्यांच्या कडेवर मूल आहे, ज्यांना नोकरी सोडता येत नाही, अशांसाठी ही सोय कायम राहावी, हे न्याय्यच आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणाची जी पद्धती बसविली तिला स्वतःची शिस्त आहे, त्यासाठी मुद्दाम लिहिलेली पुस्तके आहेत. २०२० मध्ये घाईघाईने पडद्यावर आणलेले तास या पद्धतीत मोडत नव्हते. तो वर्गाचा छायाचित्रासारखा अवशेष होता.

प्रत्यक्ष वर्गाच्या समर्थकांकडूनही एक चूक झाली, आणि ती अधिक गंभीर होती. साथीचा धोका फुगवून सांगितला जात आहे असा सूर त्यांच्यापैकी काहींनी लावला. एप्रिल-मे २०२१ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील इतके विद्यमान आणि निवृत्त अध्यापक दगावले की, तेथील कुलगुरूंना विषाणूच्या प्रकाराची तपासणी व्हावी म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला लिहावे लागले. महाराष्ट्रातील विभागांनीही आपली माणसे गमावली. शोकसभादेखील पडद्यावर झाल्या. या पार्श्वभूमीवर 'काही होत नाही, वर्गात या' असे म्हणणाऱ्याला वर्गाचे मोल कळले होते असे म्हणवत नाही. त्या आठवड्यांत वर्ग बंदच असावयास हवे होते. प्रश्न आहे तो त्याआधीच्या आणि नंतरच्या महिन्यांचा, जेव्हा साथ ओसरलेली होती आणि खिडकी, मुखपट्टी, व्हरांडा यांच्या आधाराने तीस-चाळीस विद्यार्थ्यांचा वर्ग भरविता आला असता.

सुरक्षिततेचा आणखी एक भाग आहे, ज्याचा हवेशी वरवर संबंध दिसत नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाला तास झाला तर मानधन मिळते, न झाला तर नाही. आजारपणाची पगारी रजा त्याला नसते. अनेक महाविद्यालयांत मराठीचा विभाग अशाच एक-दोन माणसांवर चालतो. अशा अध्यापकाला घसा खवखवत असताना, अंग मोडून आलेले असताना, घरी बसण्याचा सल्ला कोणत्या तोंडाने द्यावयाचा? तो येतो, औषधाची गोळी घेऊन येतो म्हणून दारातील तापमापकालाही सापडत नाही, आणि तीन वर्गांवर शिकवून जातो. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हेच काम ७५ टक्के उपस्थितीची अट आणि अंतर्गत गुणांची टांगती तलवार करतात. आजारी माणसाला नुकसान न होता घरी राहता आले पाहिजे, हा साथीच्या काळातील प्रत्यक्ष अध्यापनाचा पहिला नियम होय. आणि त्याला सॅनिटायझरपेक्षा अधिक खर्च येतो म्हणूनच तो कोणत्याही नियमावलीत शिरला नसावा. पडद्याचा खरा उपयोग येथे होता : वर्ग चालू असताना जो एक-दोन दिवस येऊ शकत नाही त्याच्यासाठी.

इतरत्र काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये अर्बाना-शॅम्पेन येथील परिसर उघडला तो स्वतः विकसित केलेल्या लाळेच्या चाचणीच्या बळावर. विद्यार्थी आणि अध्यापकांची आठवड्यातून दोनदा तपासणी होत असे. तरीही सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांच्या मेजवान्यांमुळे रुग्णसंख्या वाढलीच आणि निर्बंध कडक करावे लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो परिसरात वसतिगृहांच्या सांडपाण्याची तपासणी करून रोगाचा माग काढण्यात आला, आणि काही वर्ग उघड्यावर, छताखाली पण भिंतींवाचून, भरविण्यात आले. यांतील पहिल्या दोन गोष्टींना प्रयोगशाळा आणि पैसा लागतो. तिसरीला मांडव लागतो. आणि मांडव घालणे ही विद्या महाराष्ट्रातील कोणत्याही गावात शिकवावी लागत नाही. लग्नाला, सप्ताहाला, गणपतीला जो एका रात्रीत उभा राहतो तो वर्गासाठी उभा राहावा असे कोणाच्या मनात का आले नाही, याचे उत्तर बहुधा असे की, वर्ग म्हणजे खोली हे समीकरण फार पक्के झाले आहे.

ते नेहमीच इतके पक्के नव्हते. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि त्याच सुमारास प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत, पुढच्या वर्षी पुण्यात. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले त्याच प्लेगने गेल्या. पुणे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा रिकामे होऊ लागले, माणसे माळावर झोपड्या बांधून राहू लागली. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर एक झोपडी उभी राहिली आणि मुली तेथे शिकू लागल्या. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून कर्वे तेथवर पायी जात. प्लेग कसा पसरतो याविषयी तेव्हाही अधिकृत कल्पना चुकीच्या होत्या. मुंबईत गटारे कार्बोलिक ॲसिडने धुतली जात होती, आणि पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदीर व पिसू यांचा संबंध दाखविला तरी तो मान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. २०२० मध्ये रस्त्यांवर जंतुनाशके फवारणाऱ्या बंबांची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. पण कर्व्यांच्या झोपडीची नोंद घ्यावयाची ती वेगळ्या कारणासाठी. साथीपुढे त्यांनी शिकविणे थांबविले नाही आणि मुलींना गावातील धोक्यातही ठेवले नाही. त्यांनी जागा बदलली. जी संस्था पुढे महिला विद्यापीठाचे उगमस्थान ठरली तिचा पत्ता अशा रीतीने ठरला.

हा सर्व इतिहास आता मागे पडला, ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, मग पुन्हा हा विषय कशासाठी, असे विचारले जाईल. त्याचे कारण वैद्यकीय असण्यापेक्षा शैक्षणिक आहे. मे २०२१ मध्ये, म्हणजे दुसरी लाट ऐन भरात असताना, विद्यापीठ अनुदान आयोगाने संमिश्र अध्यापनाविषयीचे टिपण प्रसृत केले. त्यात कोणत्याही अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकविण्याची सूचना होती. साथीत सोय म्हणून आलेली गोष्ट साथीनंतर धोरण म्हणून राहते ती अशी. जेथे मराठीच्या अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत, जेथे विद्यार्थिसंख्येच्या निकषावर विभाग टिकेल की नाही याची दरवर्षी चर्चा होते, तेथे पाचांपैकी दोन तास पडद्यावर गेले तर त्या दोन तासांचा माणूस नेमला जाणार नाही, हे समजण्यास फार दूरदृष्टी लागत नाही. आणि त्याला विरोध करताना विभागांकडे देण्यासारखे उत्तर नसेल, कारण २०२० ते २०२२ या काळात आपला वर्ग पडद्याहून वेगळे काय करतो हे त्यांनी सांगितले नाही, आणि तो सुरक्षितपणे भरविता येतो हे करून दाखविले नाही. पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. परंतु ती आली की वर्ग बंद करण्याचे परिपत्रक एका दिवसात निघेल, कारण त्याचा मसुदा आता तयार आहे. वर्ग चालू ठेवण्याचा मसुदा कोणाकडे नाही.

नॅकच्या मूल्यांकनात माहिती-तंत्रज्ञानाच्या सोयींनी युक्त वर्ग किती, याची टक्केवारी विचारली जात आली आहे. त्या वर्गात ताजी हवा किती येते यासाठी स्वतंत्र रकाना नव्हता. म्हणून खर्चही त्याच दिशेने झाला. आजही अनेक विभागांत पांढऱ्या पडद्यासाठी म्हणून बंद केलेली ती एक खिडकी रंगाच्या थरांनी चौकटीला चिकटलेली आहे आणि तिची कडी गंजली आहे. ती उघडण्यासाठी विद्यापीठाच्या अभियांत्रिकी कक्षाला अर्ज करावा लागतो. विभागाच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा, सोबत एक कार्बन डायऑक्साइड मापक आणि दोन एक्झॉस्ट पंखे यांची मागणी जोडावी, आणि तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांना वर्षातून किमान दहा दिवस आजारपणाची पगारी रजा मिळावी असा ठराव त्याच बैठकीत करून कुलसचिवांकडे पाठवावा. यासाठी साथीची वाट पाहण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात दुपारी तीनच्या तासाला त्या वर्गात जी मुले पेंगतात ती केवळ भाषाविज्ञानामुळे पेंगत नाहीत.